गोल झाला? आधी ओरडा, मग लाइन्समनकडे बघा

१७ एप्रिल २०१९. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, दुसरा सामना, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर. मी टॉटनहॅमवाली. (का, ते विचारू नका, सगळ्यांचं विचारून झालंय.) इंज्युरी टाइमचं तिसरं मिनिट चालू होतं आणि सिटीच्या रहीम स्टर्लिंगने चेंडू जाळ्यात मारला. ५-३. दोन्ही सामन्यांची बेरीज केली तर आम्ही घरी. सिटीचं अख्खं स्टेडियम उभं, त्यांचा प्रशिक्षक ग्वार्डिओला रेषेच्या कडेने धावत सुटलेला. मी टीव्ही बंद केला, रिमोट सोफ्याच्या फटीत कोंबला, दिवा मालवला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

दोन-तीन मिनिटांनी फोन थरथरला. दादा. तो लिव्हरपूलवाला, तेव्हा सांत्वनाला आला असेल असं काही मला वाटलं नाही. "झोपलीस?" मी उत्तर दिलं नाही. "अगं टीव्ही लाव." तरी नाही. मग नुसता एक शब्द आला: "ऑफसाइड." (म्हणजे पास निघतानाच पुढचा खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता, तेव्हा गोल बाद.)

त्या फटीतून रिमोट बाहेर काढताना माझी दोन नखं तुटली. टीव्ही लागला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात ४-३ होतं, म्हणजे सामना हरूनही बेरजेत आम्ही पुढच्या फेरीत, आणि आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. स्टर्लिंगचा गोल रद्द झाला, ग्वार्डिओला गुडघ्यांवर कोसळला, सिटीचे प्रेक्षक डोक्याला हात लावून उभे राहिले, हे सगळं मी नंतर रिप्लेत पाहिलं. टॉटनहॅमच्या वाट्याला अशा रात्री फार येत नाहीत. आली ती एक, आणि तिची ऐन मोक्याची मिनिटं मी पांघरुणात काढली.

तेव्हापासून गोल बघायची माझी एक पद्धत बसली आहे. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीच्या कानात बोलणारा सहायक, आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत आहे आणि लवकर कुठे जाणारही नाही. २०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी तो ठेवायचा की नाही यावर मत दिलं तेव्हा १९ विरुद्ध १ मतांनी तो राहिला. म्हणजे गोल झाल्यावर तो खरंच झाला का, ही धाकधूक आपल्या नशिबी आहेच. निदान ती नीट जगता यावी म्हणून हे लिहितेय.

पहिली दोन सेकंदं

ओरडा. मागचापुढचा विचार न करता ओरडा.

मी उलटं करून पाहिलंय. २०१९-२० च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आला तेव्हा मी ठरवलं, आता शहाण्यासारखं वागायचं. गोल झाला की हात मांडीवर, तोंड बंद, आधी निर्णय, मग आनंद. पहिल्याच सामन्यात आमचा गोल झाला. मी बसून राहिले. तपासणी झाली, गोल टिकला, मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हे." चेक वटल्याचा मेसेज आला की माणूस जसं म्हणतो तसं. शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "बरं नाही का तुला?" एक-दोन महिने असं चाललं आणि मग मी तो नाद सोडला. थांबवून ठेवलेला आनंद नंतर बाहेर काढता येत नाही. तो तिथेच विरतो, आणि वर गोल खरा असतो, म्हणजे दुप्पट नुकसान.

आणि समजा गोल रद्द झालाच. स्कोअरबोर्डवरचा आकडा परत घेतात, ओरडलेलं कुणी परत मागत नाही.

मात्र या दोन सेकंदांत परत न फिरणारी कोणतीही गोष्ट करू नका. टीव्ही बंद करणं हे त्यातलं पहिलं, ते मी सांगितलंच. वस्तू भिरकावू नका. शेजारच्याला उचलू नका. उचललेल्या माणसाला रद्द झालेल्या गोलानंतर खाली ठेवणं फार अवघड जातं, तुम्ही दोघंही कुठे बघायचं ते ठरवू शकत नाही. शर्ट काढू नका. शर्टाचं तर खेळाडूंनाही भारी पडतं: गोल साजरा करताना शर्ट काढला की पिवळं कार्ड, आणि गोल मागाहून रद्द झाला तरी कार्ड कायम. नियमातच तसं लिहिलंय. म्हणजे गोल गेला, आनंद गेला, शर्ट परत अंगात घालायचा आणि वहीत नाव मात्र राहिलं.

माझा स्वतःचा भुर्दंड चष्म्याचा. २६ ऑक्टोबर २०२२, टॉटनहॅम विरुद्ध स्पोर्टिंग, १-१, इंज्युरी टाइम. शेवटची काही मिनिटं बघवत नव्हती म्हणून मी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. (धूसर दिसलं की भीती कमी वाटते, करून बघा.) हॅरी केनने गोल केला, जिंकलो तर बाद फेरी तिथल्या तिथे पक्की, मी उडाले, चष्मा खाली, त्यावर पाय. काडी तुटली. पुढची बरीच मिनिटं व्हीएआरची तपासणी चालली होती आणि मी एका काडीचा चष्मा उजव्या हाताने नाकावर धरून बसले होते. एमर्सन रॉयालने डोक्याने चेंडू मारला त्या क्षणी केन चेंडूच्या पुढे होता, असं ठरलं. गोल रद्द. प्रशिक्षक कोंतेला तणतणल्याबद्दल लाल कार्ड. मला नवीन फ्रेम. आता इंज्युरी टाइम लागला की चष्मा डोळ्यांवर किंवा डबीत.

तिसऱ्या सेकंदाला कुठे बघायचं

इथे बहुतेक लोक चुकतात. कॅमेरा गोल करणाऱ्याच्या मागे धावतो आणि आपणही त्याच्या मागे धावतो. त्याला काहीही माहीत नसतं. तो तुमच्याइतकाच आशेवर असतो. डिफेंडरांकडेही बघू नका. ते सगळे हात वर करून उभे असतात, आणि ते प्रत्येक गोलावर तसेच उभे असतात. त्यांच्या हातांना काडीची किंमत नाही.

बघायचं लाइन्समनकडे. गोल सरळ असेल तर त्याने रेफरीशी नजर मिळवायची आणि झेंडा न उचलता मध्यरेषेच्या दिशेने २५-३० मीटर झपाट्याने जायचं, असं त्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. तो पाठ फिरवून पळतोय असं दिसलं की निम्मी लढाई जिंकली. जागेवर खिळून रेफरीकडे बघत असेल तर काहीतरी शिजतंय. आणि झेंडा वर असेल तर... ते तुम्हाला स्टेडियमच्या आवाजावरून कळतंच. हजारो माणसांचा आवाज मधेच वाकडा होतो.

एक अडचण आहे. व्हीएआर आल्यापासून अगदी चुरशीच्या ऑफसाइडला लाइन्समन झेंडा राखून ठेवतात. हल्ला पूर्ण होऊ देतात, गोल झाला की मग उचलतात. त्यामागे विचार बरोबर आहे: लवकर उचलला आणि तो ऑफसाइड नसला तर झालेला गोल कुठून परत आणणार? पण आपल्यासाठी त्याचा अर्थ असा, की झेंडा दिसला नाही म्हणजे सुटलो असं नाही, किमान तीन-चार सेकंदं द्या.

टीव्हीवर लाइन्समन दिसला नाही तर दुसरा माणूस गोलकीपर. चेंडू जाळ्यातून काढून त्याने वैतागून मध्याकडे भिरकावला तर त्याने मान्य केलंय. त्याने तो शांतपणे जमिनीवर ठेवला आणि फ्रीकिकची जागा शोधायला लागला, तर त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. ही नियमात नाही, माझ्या अनुभवातली गोष्ट. दहातल्या सात-आठ वेळा जमते.

मग मनातल्या मनात मागे जा

तोपर्यंत दिग्दर्शक पहिला रिप्ले दाखवतो. तो नेहमी गोलाचा असतो आणि भांडण नेहमी त्याच्या आधीचं असतं. स्टर्लिंगच्या गोलात स्टर्लिंगची काहीच चूक नव्हती. ऑफसाइड होता अग्वेरो, ज्याने त्याला पास दिला. आणि त्यातली मेख अजून एक पायरी मागे. आमच्याच एरिक्सनने मागे पास देताना घोळ घातला होता. त्याने जाणूनबुजून खेळलेला तो चेंडू थेट अग्वेरोकडे गेला असता तर ऑफसाइडचा प्रश्नच आला नसता. पण मधे चेंडू सिटीच्या बर्नार्डो सिल्वाला लागला, म्हणजे तो आपल्याच माणसाकडून अग्वेरोकडे आला असं झालं. एका ओझरत्या स्पर्शावर आख्खी उपांत्य फेरी. मी ते दृश्य किती वेळा पाहिलंय ते सांगत नाही.

म्हणून स्वतःला विचारा: चेंडू शेवटी कुणाला लागून आला? पास निघाला त्या क्षणी आपला माणूस कुठे होता? पास पोचला तेव्हा नाही, निघाला तेव्हा. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असेल तर चालतं. बरोबरीत म्हणजे ऑफसाइड नाही. हात मोजत नाहीत, काखेच्या तळापासून खालचा हात हिशेबात नाही, त्यामुळे पळताना पुढे गेलेला हात बघून घाबरू नका. गुडघा, बूट, खांदा, डोकं बघा. चेंडू कॉर्नरवरून, थ्रो-इनवरून किंवा गोलकिकवरून थेट आला असेल तर ऑफसाइड नाहीच. तिथे निवांत ओरडा. मात्र कॉर्नरनंतर दुसऱ्याने डोकं लावलं की ऑफसाइडचा हिशेब पुन्हा सुरू.

ऑफसाइड माणसाने चेंडूला हात... म्हणजे पाय लावलाच पाहिजे असंही नाही. गोलकीपरच्या डोळ्यांसमोर उभा राहून त्याची नजर अडवली तरी गोल जातो. लांबून मारलेला सुंदर गोल झाला की म्हणूनच मी आधी कीपरच्या पुढे कोण उभं आहे ते बघते.

हाताचा नियम थोडक्यात: गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागून चेंडू आत गेला, किंवा हाताला लागल्यावर लगेच त्यानेच गोल केला, तर नकळत लागला असला तरी गोल नाही. साथीदाराच्या हाताला चुकून लागला आणि मग दुसऱ्याने गोल केला, तर २०२१ पासून तेवढ्याने गोल जात नाही. पण हात नको तिथे पसरलेला असेल तर जातो. युरो २०२४ मध्ये स्लोव्हाकियाविरुद्ध बेल्जियमच्या लुकाकूचा एक गोल ऑफसाइडने गेला आणि दुसरा साथीदार ओपेंडाच्या हातामुळे. चेंडूत बसवलेल्या सेन्सरने तो स्पर्श पकडला, पडद्यावर हृदयाच्या आलेखासारखी रेघ उडाली. पुढच्या सामन्यात रोमानियाविरुद्ध त्याचा आणखी एक रद्द. दोन सामन्यांत तीन गोल साजरे केले, खात्यात शून्य.

फाउल, ढकलाढकली, शर्ट ओढणं हेही त्याच हल्ल्यात झालं असेल तर तपासतात. शिटी चेंडू आत जायच्या आधी वाजली होती का, हेही बघून ठेवा. १९७८ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या झिकोने स्वीडनविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने गोल केला, आणि चेंडू हवेत असतानाच रेफरीने सामना संपल्याची शिटी मारली होती. १-१.

चेंडू रेषा ओलांडून गेला की नाही, हा वाद मात्र आता जवळजवळ मिटलाय. पूर्ण चेंडू, म्हणजे सुमारे २२ सेंटीमीटरचा आख्खा गोळा, रेषेपलीकडे जायला हवा, आणि तो गेला की एका सेकंदात रेफरीच्या मनगटावर घड्याळ थरथरतं. हे आलं त्यासाठी आमच्यासारख्यांनी रक्त आटवलंय. ४ जानेवारी २००५, ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे मँचेस्टर युनायटेडचं मैदान. टॉटनहॅमच्या पेद्रो मेंडेसने मध्यरेषेजवळून उंच फटका मारला, युनायटेडचा गोलकीपर रॉय कॅरॉलच्या हातातून चेंडू निसटून रेषेच्या चांगलाच आत पडला, त्याने तो ओढून बाहेर काढला आणि खेळ चालू राहिला. ०-०. लाइन्समन बिचारा इतका मागे होता की त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मी नुकतीच फुटबॉल बघायला लागले होते. कुठला संघ धरायचा ते ठरलं नव्हतं, ते त्या दिवशी ठरलं. पुढे २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका असाच आत पडून बाहेर आला, तोही दिला नाही, आणि दोन वर्षांनी गोलरेषेच्या तंत्राला मान्यता मिळाली. तेही एकदा झोपलं: जून २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाच्या कीपरने चेंडू घेऊनच रेषा ओलांडली आणि सातही कॅमेऱ्यांसमोर खेळाडू आणि खांब आडवे आले. घड्याळ गप्प. एकदाच, पण ज्यांचा गोल गेला त्या शेफील्ड युनायटेडवाल्यांना विचारा.

रेफरीचं बोट कानावर

हा सगळ्यात वाईट काळ. इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आई अशा वेळी उठून घरातली एखादी गोष्ट जागेवर लावून येते. मी बसते. उभं राहून वाट बघितली की निर्णय विरुद्ध गेल्यावर बसावं लागतं, आणि ते बसणं फार अपमानास्पद असतं.

वाचण्यासारख्या खुणा दोनच. ऑफसाइडची जागा ही वस्तुस्थितीची बाब, तिच्यासाठी रेफरी सहसा मॉनिटरकडे जात नाही. कानात सांगतात, तो हात वर करतो, संपलं. तो हवेत चौकोन काढून मॉनिटरकडे निघाला तर प्रश्न फाउलचा, हाताचा किंवा कीपरची नजर अडवल्याचा आहे. आणि मॉनिटरकडे निघालेला रेफरी बहुधा मत बदलायलाच निघालेला असतो. बहुधा म्हणतेय, कारण त्याच २०१९ च्या रात्री आमच्या योरेंतेचा गोल कमरेला लागून गेला की हाताला, हे बघायला रेफरी मॉनिटरपर्यंत गेला आणि गोल कायम ठेवून परत आला. तो गोल नसता तर स्टर्लिंगच्या गोलाची वेळच आली नसती. आम्ही आधीच बाहेर असतो. तेवढी चाल, मैदानाच्या कडेपासून मधल्या वर्तुळाकडची, मी श्वास न घेता पाहिली होती.

या काळात फोनला हात लावू नका. माझा डिश टीव्ही, दादाचं इंटरनेटवर; त्याचं चित्र माझ्या अर्धा मिनिट मागे. सुरुवातीला मी "गोऽऽल" लिहायचे, त्याच्याकडे अजून गोलकिक चालू असायची. तो चिडायचा. मग त्याच्या पडद्यावर गोल व्हायचा, तो आनंदी, आणि तोपर्यंत मी "गेला" लिहिलेलं असायचं. म्हणजे बिचाऱ्याला गोल साजरा करायच्या आत सुतक. आता आमचा करार आहे: मधल्या वर्तुळातून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत गोलाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घरात दोन पडदे असतील, शेजारी ओरडत असतील, तर तुमच्याही उपयोगाचं आहे.

गोल आपला कधी होतो

किकऑफला. त्याच्या आधी नाही, आणि एकदा किकऑफ झाला की नंतर काढून घेता येत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला मागे जाता येत नाही; चुकीच्या खेळाडूला कार्ड देणं किंवा मारामारीसारखी गंभीर आगळीक हेच काय ते अपवाद.

हा नियम दोन्ही बाजूंनी चावतो. २४ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक, सेंट-एतिएनला अर्जेंटिना-मोरोक्को. इंज्युरी टाइमच्या सोळाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या मेदिनाने बरोबरी साधली, २-२. प्रेक्षक मैदानात घुसले, बाटल्या फेकल्या, खेळाडू आत गेले. सगळ्यांना वाटलं सामना संपला. जवळजवळ दोन तासांनी स्टेडियम रिकामं करून खेळाडूंना परत आणलं, गोल ऑफसाइड म्हणून रद्द केला, तीन मिनिटं खेळवली आणि मोरोक्को २-१ ने जिंकला. दोन तास! अर्जेंटिनाचे किती लोक बरोबरीच्या आनंदात झोपले असतील. पण त्या गोलानंतर किकऑफ झालाच नव्हता, त्यामुळे नियमाने तो कधीच त्यांचा नव्हता.

उलटी बाजू दादाच्या वर्मी लागलेली. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, ०-०. लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल केला, लाइन्समनचा झेंडा वर. व्हीएआरने पाहिलं, दियाझ रेषेच्या आत होता, गोल चोख होता. पण व्हीएआरच्या खोलीतल्या लोकांना वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्यांनी "तपासणी पूर्ण" असं कळवलं. रेफरीला वाटलं, ऑफसाइड कायम. फ्रीकिक घेतली गेली. काही सेकंदांत खोलीत चूक लक्षात आली आणि तोवर खेळ सुरू झाला होता. मागे जाता येत नाही. आम्ही २-१ जिंकलो. ते संभाषण पुढे जाहीर केलं तेव्हा दादाने मला फोनवर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवलं. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

समोरच्याचा गोल रद्द झाला तर

हा आनंद लोक कमी लेखतात. मला तो आपल्या गोलापेक्षा काकणभर जास्तच वाटतो, कारण त्याला नंतर कुणी तपासत नाही. शोकातून थेट उडी. ओरडा, नाचा, तुमचा हक्क आहे. ६ नोव्हेंबर २०२३ ला चेल्सीविरुद्ध दोन्ही बाजूंचे मिळून पाच गोल रद्द झाले, आम्ही १-४ हरलो, तरी मधे कधीतरी मी सोफ्यावर उभी होते असं आठवतं.

फक्त समोर कोण आहे ते बघा. आपल्या माणसाचा संघ असेल तर थोडा वेळ द्या. आणि काही सामने असे असतात की तिथे हा आनंद नकोसा होतो. २१ एप्रिल २०२४, एफए कपची उपांत्य फेरी. दुसऱ्या श्रेणीतली कोव्हेंट्री मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ वरून ३-३ वर आली, जादा वेळेच्या अगदी शेवटी टॉर्पने चौथा मारला, वेम्बलीत त्यांचे लोक एकमेकांवर कोसळले, आणि आधीच्या पासवर हाजी राइट बोटभर पुढे निघाला. रद्द. मग पेनल्टी, मग हार. माझा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता. तरी मी टीव्ही बंद केला नाही, निदान तेवढं शिकले होते. आवाज बंद केला.

आणि आता ते माइकवर सांगतात

२०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरी माइकवरून निर्णय सांगत होते. इंग्लंडमध्ये हा मान पहिल्यांदा कुणाला मिळाला? ८ जानेवारी २०२५, लीग कपची उपांत्य फेरी, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. गोल आमच्या डॉमिनिक सोलंकीचा. मी ओरडले होते, लाइन्समन पाहिला होता, बसले होते, सगळं पद्धतीनुसार. रेफरीने सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं सांगितलं की टॉटनहॅमचा १९ नंबर ऑफसाइड होता. इतकी वर्षं आमचे गोल निमूटपणे जायचे, आता जाहीर घोषणा करून जायला लागले.

खेळ पुन्हा सुरू झाल्याझाल्या दादाचा फोन आला. करारात बसत होतं. त्याने रेफरीची नक्कल करून ती घोषणा मला मराठीत ऐकवली, दोनदा. मी फोन स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर ठेवला आणि बघत राहिले. थोड्या वेळाने आमच्या लुकास बर्गवालने लिव्हरपूलच्या त्सिमिकासला पाडलं. बर्गवालला आधीच एक पिवळं मिळालं होतं. रेफरीने दुसरं दिलं नाही, त्सिमिकास उपचारासाठी बाहेर गेला. आणि शहाऐंशीव्या मिनिटाला सोलंकीने चेंडू दिला, त्याच बर्गवालने जमिनीलगत आत मारला.

मी ओरडले. मग तोंडावर हात ठेवून लाइन्समन शोधला. धावत होता. मध्याकडे.

"काय झालं?" स्पीकरवरून दादा. "तो बघ, बर्गवालने पाडलं त्याला, दुसरं पिवळं आहे हे, बाहेर काढा त्याला! तू का ओरडलीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू बघ."

"सांग ना, काय झालं पुढे?"

"किकऑफ होऊ दे."